दर एक बदलला, दुरुस्ती दुकानोदुकानी का?

जीएसटी परिषदेची ५६वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होतील असे जाहीर झाले. मध्ये दिवस एकोणीस, आणि २२ सप्टेंबरला घटस्थापना. कापड व्यापाऱ्याला या तारखेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नवरात्र ते दिवाळी हाच आमचा हंगाम. माल भरून झालेला, गाठी फोडून झालेल्या, नगानगावर चिठ्ठ्या लागलेल्या, आणि नेमके त्याच वेळी बिलाचे गणित बदलले. आधी हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १२ टक्के होते. नव्या दरात ही हद्द अडीच हजारांवर गेली आणि तिच्या वरच्या नगाला १८ टक्के लागले. म्हणजे अठराशेचा पंजाबी ड्रेस बारावरून पाचावर आला, तर तीन हजारांची शेरवानी बारावरून अठरावर चढली. थानातून फाडून दिलेले कापड पाचावर होते, ते पाचावरच राहिले.

नियम पाहिला तर तीन ओळींचा आहे. या तीन ओळी आपल्या जिल्ह्यात किती वेळा, किती ठिकाणी, किती जणांनी वेगवेगळ्या लिहिल्या, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. विषय संगणकाचा आहे म्हणून व्यापारी बंधूंनी पान उलटू नये. पैसा आपला जातो आणि खोळंबाही आपलाच होतो.

ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांचे काम कंपनीने केले, त्यांच्याविषयी काही म्हणणे नाही. टॅलीचा जन्मही व्यापाऱ्याच्याच घरचा. १९८६ साली बंगळूरला श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्राम मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंका यांना, त्यांनी तो लिहायला लावला. त्या मुलाला २०२० साली पद्मश्री मिळाली. असो. पण गोंदियात, आमगावात, तिरोड्यात, देवरीत असंख्य दुकाने आणि राईस मिल अशा आहेत की जेथे बिलाचा किंवा मालाचा प्रोग्राम एखाद्या ओळखीच्या मुलाने लिहून दिलेला आहे. त्यालाही कारण आहे. कापडवाल्याला मीटर, थान, तुकडा, साइजचा सेट, रंगाचा नंबर हे सगळे एका बिलात हवे असते. मिलवाल्याला धानाचा कट्टा, ओलावा, कोंडा आणि भरडाईचा उतारा हवा असतो. तयार प्रोग्राम यातले अर्धे देतो आणि उरलेले अर्धे गावातला मुलगा देतो. तो स्वस्तात देतो आणि बोलावले की येतो.

२२ सप्टेंबरच्या आधी या मुलांचे काय हाल झाले ते आम्ही पाहिले. एकेकाकडे डझनभर दुकाने, आणि प्रत्येक दुकानाचा प्रोग्राम थोडा निराळा. एके ठिकाणी बारा टक्क्यांचा आकडा बिलाच्या खिडकीत लिहिलेला, दुसरीकडे अहवालात, तिसरीकडे माल परत घेण्याच्या भागात. दोन जागी बदलले आणि तिसरी विसरली की जुन्या दराने क्रेडिट नोट निघते. ज्या दुकानाचा मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीवर गेला, त्या दुकानात ऐन गर्दीत हाताने बिले फाडावी लागली.

खरे तर कापडवाल्याला कराच्या हिशेबाची सवयच नव्हती. १९५७ च्या कायद्याने कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी बसे आणि तो गिरणीच्या दारातच घेतला जाई. दुकानात कर हा शब्द आला तो १ जुलै २०१७ ला. त्या महिन्यात सुरतचे कापड मार्केट बंद राहिले होते हे वाचकांना आठवत असेल. तेव्हापासून कापडाचे बिल हा नुसता मापाचा आणि भावाचा कागद राहिला नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमचे म्हणणे असे की, या मुलांनी आपल्या प्रोग्राममधला जो भाग सर्वांना सारखाच लागतो तो एकदाच नीट लिहावा, तपासावा, त्याची एक लायब्ररी करावी आणि सर्वांनी तीच वापरावी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या भाषेत लायब्ररी म्हणजे तयार, पारखलेल्या तुकड्यांचा संग्रह. तुकड्याला ते फंक्शन म्हणतात. त्याला ठरलेली माहिती द्यावी, तो ठरलेले उत्तर देतो. आत काय चालते याची घेणाऱ्याला काळजी नाही. शिंपी बटण स्वतः घडवत नाही, काजाच्या मापाचे आणतो. तसेच हे.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. तेथे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी वारंवार लागणारी गणिते छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर लिहून ठेवली. ज्याला जे लागेल ते त्याने त्या संग्रहातून घ्यावे आणि आपल्या पट्टीत उतरवून घ्यावे. १९५१ साली त्यांनी त्यावर पुस्तकही काढले. आमच्या कामठी-मालेगावच्या विणकर बंधूंना यात नवल वाटणार नाही, कारण जॅकार्डची पत्ती एकदा पंच करून ठेवली की तीच नक्षी दुसऱ्या मागावर चढते. पत्ती दर वेळी नव्याने पंच करणाऱ्या कारखानदाराला लोक हसतील. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी हाच प्रश्न मांडला होता की, इतर उद्योगांत सुटे भाग बाजारात मिळतात, मग प्रोग्रामचे सुटे भाग का मिळू नयेत? आज ते मिळतात. मोठ्या शहरांतल्या कंपन्या त्यांच्यावरच उभ्या आहेत. गोंदियाच्या बिलासाठी लागणारे सुटे भाग मात्र गोंदियालाच करावे लागतील.

आणि ते करण्याची विद्या लांबून आणायची नाही. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक हिंदुस्थानभर संगणक शिकणाऱ्यांच्या हातात असते. ज्याने ‘सी’ भाषा शिकली त्याने बहुधा याच पुस्तकातून शिकली. टर्बो सीच्या काळातल्या त्याच्या आवृत्त्यांत, फंक्शनच्या प्रकरणात, स्वतः लिहिलेले फंक्शन लायब्ररीत कसे घालावे याचा छोटासा भाग आहे. फंक्शन वेगळ्या फाईलीत लिहावे. कंपाइल करावे, म्हणजे त्याची ऑब्जेक्ट फाईल होते. टीलिब नावाच्या हत्याराने ती लायब्ररीच्या फाईलीत जोडावी. मग त्या फंक्शनचे नाव, त्याला काय द्यायचे आणि ते काय परत देते, एवढे हेडर फाईलीत लिहून ठेवावे. उदाहरण तेथे फॅक्टोरियलचे आहे. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर राहणाऱ्या लेखकाने हे पानावर मांडून ठेवले आहे, आणि ते पान आमची मुले परीक्षेसाठी वाचून पुढे जातात. फॅक्टोरियलच्या जागी तयार कपड्याचा कर घालावा, एवढेच आमचे मागणे आहे.

कंपाइल या शब्दाचा खुलासा केला पाहिजे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे. मुलगा जे लिहितो ते माणसाला वाचता येते. त्याला सोर्स म्हणतात. कंपायलर त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि मग ते माणसाला वाचता येत नाही. विणलेल्या थानातून धागा ओढून मूळचे सुताचे बंडल परत मिळत नाही, तसा कंपाइल झालेल्या फाईलीतून सोर्स धडपणे परत मिळत नाही. आमच्या दुकानात १९९६ च्या सुमारास क्लिपरमध्ये लिहिलेला स्टॉकचा प्रोग्राम बसवला होता. लिहिणारा परगावचा, नाव घेण्याचे कारण नाही. त्या काळात दुकानांचे प्रोग्राम क्लिपर नाहीतर फॉक्सप्रोमध्येच असत. दोन वर्षे ठीक चालले. पुढे त्याने फोन घेणे बंद केले, नंतर त्याचे दुकानच बंद झाल्याचे कळले. सोर्स त्याच्यासोबत गेला आणि आमच्याकडे राहिली ती फक्त चालणारी फाईल. तिच्यात वर्षाचे दोनच आकडे. २००० साल उजाडले तशी जुनी बाकी उलटसुलट दाखवू लागली. पैसे मोजून घेतलेली वस्तू आमची होती, पण तिची एक ओळ बदलण्याचा इलाज आमच्याकडे नव्हता.

म्हणून लायब्ररी करायची तर कंपाइल झालेल्या फाईलीबरोबर सोर्सही खुला ठेवावा, ही आमची पहिली अट. यावर मुलांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. सोर्स दिला की आमची रोजी जाईल, असे ते म्हणतात. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर तोड निघालेली आहे. एलजीपीएल नावाचा परवाना १९९१ पासून आहे आणि तो मुळात लायब्ररीसाठीच लिहिला गेला. त्याचा मतलब असा की, लायब्ररीत कोणी सुधारणा करून ती पुढे वाटली तर सुधारणेचा सोर्सही द्यावा; पण ती लायब्ररी वापरणारा तुमचा स्वतःचा प्रोग्राम तुमचाच राहतो, तो उघडा करण्याची सक्ती नाही. मुलगा आपला बिलाचा प्रोग्राम विको, त्याचे पैसे घेवो. कराचा हिशेब ही काही त्याची खास विद्या नाही. तो सरकारी राजपत्रात छापलेला आहे.

या लायब्ररीत काय काय असावे? आम्ही प्रोग्रामर नाही, पण बिल तीस वर्षे फाडत आलो आहोत, म्हणून आमच्या अनुभवाने सांगतो.

पहिला तुकडा कराच्या दराचा. त्याला वस्तू सांगावी, एका नगाचा भाव सांगावा, त्याने दर सांगावा. हे ऐकायला सोपे वाटते. पण त्याला तारीखही सांगितली पाहिजे, आणि ती पहिल्या दिवसापासून. बिल २० सप्टेंबरचे असेल आणि माल ५ ऑक्टोबरला परत आला असेल, तर त्या बिलाचाच दर लागतो. ज्यांनी आपल्या फंक्शनमध्ये तारखेला जागा ठेवली नव्हती त्यांना ते फंक्शन बोलावणारी प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागली. हेडरमध्ये एकदा दिलेला शब्द मोडला की जेवढे लोक ते वापरतात तेवढ्यांचे काम मोडते. म्हणून शब्द देताना पुढचा विचार करून द्यावा. आणि दराचे आकडे कोडात मुळीच लिहू नयेत. ते बाहेर एका साध्या फाईलीत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत असे तक्त्याने ठेवावेत. दर बदलला की तक्त्यात एक ओळ वाढवावी, कंपाइल करण्याची गरज पडू नये. २०२१ चे उदाहरण घ्या. कापडावर १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के होणार असे नोव्हेंबरात जाहीर झाले आणि ३१ डिसेंबरला परिषदेने ते लांबणीवर टाकले. ज्यांनी आकडा कोडात बदलून ठेवला होता त्यांना वर्षाच्या शेवटच्या रात्री तो परत फिरवावा लागला. तक्ता असता तर ओळ खोडली असती.

दुसरा तुकडा पैशांचा. येथे चांगले शिकलेले मुलगेही घसरतात. संगणक दहाचा नव्हे, दोनाचा हिशेब करतो. एक दशांश ही रक्कम त्याला अपूर्णांकात नेमकी मांडता येत नाही, जशी आपल्याला एक तृतीयांश दशांशात मांडता येत नाही. त्यामुळे रुपये अपूर्णांकात ठेवले की शंभर बिलांच्या बेरजेत पैशाचा फरक निघतो आणि मुनीम रात्री अकरापर्यंत तो शोधत बसतो. रक्कम पैशांत, पूर्ण अंकात ठेवावी. शिवाय अर्ध्या पैशाचे काय करायचे तेही लिहून ठेवावे. समजा ३३३ रुपयांचे कापड दिले. पाच टक्के म्हणजे १६ रुपये ६५ पैसे. गिऱ्हाईक महाराष्ट्रातले असेल तर त्याचे दोन भाग, केंद्राचे अडीच टक्के आणि राज्याचे अडीच टक्के, प्रत्येकी ८ रुपये साडेबत्तीस पैसे. दोन्ही भाग सारखे हवेत, म्हणून दोन्हीकडे ३३ करावे लागतात आणि बेरीज १६ रुपये ६६ पैसे होते. तेच कापड बालाघाटच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला पाठवले तर आयजीएसटी एकच, १६ रुपये ६५ पैसे. माल एक, भाव एक, फरक एका पैशाचा. तो चुकीचा नाही, पण प्रत्येक प्रोग्रामने तो एकाच रीतीने काढला पाहिजे. बिलाच्या ओळीओळीला राउंड ऑफ करायचे की शेवटच्या बेरजेला, यावरही आमच्या बाजारात दोन प्रोग्राम एकमेकांशी जुळत नाहीत.

बालाघाटचा विषय निघालाच आहे तर तिसरा तुकडा सांगतो. आपला जिल्हा दोन राज्यांना लागून आहे. गिऱ्हाईक मध्य प्रदेशाचे, छत्तीसगडचे रोज येते. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशाचे २३, छत्तीसगडचे २२. पुढे दहा अक्षरे पॅनची. आणि पंधरावे, शेवटचे अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. दहा अंक आणि इंग्रजीची सव्वीस अक्षरे मिळून छत्तीस चिन्हांचे ते गणित आहे. नंबर लिहिताना एक अक्षर चुकले तर हे गणित जुळत नाही आणि चूक तेथेच पकडता येते. हे तपासणारे फंक्शन पन्नास ओळींचेही नाही. तरी आमच्या पाहण्यातल्या निम्म्या प्रोग्राममध्ये ते नाही. समोरच्या व्यापाऱ्याचे क्रेडिट अडकले की तो फोन आपल्याला करतो, प्रोग्राम लिहिणाऱ्याला नव्हे.

चौथा तुकडा आमच्या आवडीचा आहे: रक्कम अक्षरी लिहिणे. आमची तालीम उर्दू माध्यमातून झाली, व्यवहार मराठीत करतो, त्यामुळे ही गंमत आम्हाला रोज दिसते. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे शब्द पाठ केले की बाकीचे जोडून होतात. मराठीत आणि उर्दूत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची रीत चालते आणि नव्याण्णवला मोडते. उर्दूत ‘उन’ची रीत उन्नीसपासून उनासीपर्यंतच जाते, नवासीलाच मोडते, आणि निन्यानवे तर वेगळेच. एका भाषेच्या रीतीवरून दुसरीचा प्रोग्राम लिहिला तर एकोणनव्वदला फसणार. मग मराठीत नुसते १०० असतील तर ‘शंभर’, पण १०१ असतील तर ‘एकशे एक’. ११०० ला कोणी ‘एक हजार शंभर’ लिहितात, कोणी ‘एक हजार एकशे’. हजारानंतर लाख, मग कोटी. परदेशी लायब्ररी आणली तर ती दहा लाखांना मिलियन म्हणते, ते आपल्या बिलावर चालत नाही. हे काम ज्याला दोन्ही भाषांचे आकडे तोंडपाठ आहेत त्यानेच करावे. तक्ता शंभर शब्दांचा, एकदा नीट लिहिला की पुढच्या पिढीलाही पुरेल.

अक्षरांवरून एक आठवले. आज मोबाइलवर मराठीतली जोडाक्षरे आणि उर्दूची नस्तालीक लिपी जी बरोबर जुळून दिसते, त्यामागे बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची एकच लायब्ररी असते. बेहदाद इस्फहबोद या इराणी प्रोग्रामरने ती उभी केली. नाव फारसी आहे, ‘हर्फ’ आणि ‘बाज़’, म्हणजे खुली अक्षरे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळे तीच वापरतात. देवनागरीवाल्यांनी वेगळी आणि उर्दूवाल्यांनी वेगळी अशी खटपट केली असती तर दोघांचीही अर्धवट राहिली असती.

मिलवाल्यांसाठीही दोन-चार तुकडे हवेत. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळाला ५ टक्के कर आला. त्याहून मोठ्या पोत्याला नाही. सरकारी भरडाईत साध्या तांदळाचा उतारा ६७ टक्के आणि उसन्या तांदळाचा ६८ टक्के धरतात. हे मिलवाल्या बंधूंनी आमच्यापेक्षा चांगले सांगावे.

आता कोणी विचारील की, एकाच लायब्ररीत खोट निघाली तर सगळ्या बाजाराची बिले एकदम चुकतील, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१४ च्या एप्रिलात ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची खोट उघडकीस आली. निम्मे इंटरनेट जिच्यावर अवलंबून होते ती लायब्ररी मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत होती. मार्च २०२४ मधला प्रकार त्याहून गंभीर आहे. एक्सझेड नावाची फाईली दाबून लहान करणारी लायब्ररी. ती एकटा माणूस, बिनपगारी, थकून सांभाळत होता. कोणी एक अनोळखी मदतनीस बनून आला, दोन वर्षे चांगले काम करून विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपला संगणक लॉगिनला अर्धा सेकंद जास्त घेतो असे दिसले, आणि त्याने ते सोडून दिले नाही. अशी माणसे पेढीवरही असतात. रोकड दोन रुपयांनी जास्त निघाली तरी ज्यांना झोप येत नाही.

आम्ही यावरून असा निष्कर्ष काढत नाही की लायब्ररी करूच नये. आज प्रत्येक दुकानात वेगळी खोट आहे आणि ती कोणी पाहत नाही. एक लायब्ररी असेल तर खोट एक, पाहणारे अनेक आणि दुरुस्ती एक. पण ती फुकट सांभाळली जाईल ही समजूत सोडली पाहिजे. व्यापारी संघटना दिवाळीला पत्रिका छापतात, सत्कार करतात, हार घालतात. त्यातला काही खर्च दरवर्षी दोन मुलांच्या मानधनाला लावावा. दोन यासाठी की, एक गेला तर दुसऱ्याला माहिती असावी, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोर्सची एक प्रत संघटनेच्या कपाटात अमानत म्हणून राहावी. एस्क्युलाइट ही माहिती साठवण्याची लायब्ररी रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केली. ‘सी’तच लिहिलेली आहे आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तिच्या कर्त्यांनी ती २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा जाहीर केला आहे. आम्हाला २०५० नको, पुढचे पाच करबदल निभावले तरी पुष्कळ.

पैशाहून मोठी मदत व्यापारी दुसरी करू शकतो. कोणतेही फंक्शन बरोबर चालते की नाही हे पाहायला आधी उत्तर माहीत असलेली उदाहरणे लागतात. ती मुलांकडे नसतात, आपल्या मुनीमांकडे असतात. बाराशेच्या सूटवर सवलत देऊन तो ९९० ला विकला तेव्हा कोणता दर लावला, एका बिलात बावीसशेची आणि सव्वीसशेची शेरवानी आली तेव्हा काय केले, जुन्या दराचा माल अर्धाच परत आला तेव्हा क्रेडिट नोट कशी फाडली. अशी दोनशे बिले, नावे आणि नंबर खोडून, उत्तरासह एका वहीत उतरवून द्यावीत. लायब्ररीत एक ओळ बदलली की ही दोनशे बिले यंत्राने पुन्हा काढून पाहावीत. एकही चुकले तर ती आवृत्ती बाहेर जाऊ नये. जुने मुनीम एकेक करून घरी बसत आहेत. त्यांच्या डोक्यातली ही बिले कागदावर येण्याची हीच वेळ आहे.

मुलांसाठीही दोन शब्द. दुकानात पाठवायची ती आवृत्ती, आमच्या मते, प्रोग्रामच्या पोटातच जोडून द्यावी, वेगळी डीएलएल फाईल ठेवू नये. वेगळी ठेवली तर दुरुस्ती एका फाईलीत होते हे खरे, पण देवरी-सालेकसाच्या दुकानात कोणीतरी ती फाईल पुसतो किंवा जुनी वर टाकतो, आणि मग रात्री फोन येतो. दराचा तक्ता बाहेर आहे, तेवढे पुरे. फंक्शनच्या नावांना एक समान अक्षर-खूण लावावी, म्हणजे दुसऱ्याच्या नावांशी टक्कर होणार नाही. आणि कशाला काय द्यायचे, काय मिळते, अर्धा पैसा कुठे जातो, हे सगळे मराठीत लिहून सोबत द्यावे. ज्याने लिहिले तो गाव सोडून गेल्यावर त्या चार पानांवरच पुढचे काम चालते.

पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो. आमच्या नात्यातल्या तीन मुलांनी तीन वेगवेगळ्या वर्षी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ केली, म्हणजे पुस्तके देण्याघेण्याचा प्रोग्राम. तिन्ही आज कुठे आहेत ते त्यांनाही ठाऊक नाही. त्याऐवजी एका गटाने कराचा तुकडा घ्यावा, एकाने अक्षरी रकमेचा, एकाने जीएसटी नंबर तपासण्याचा. शिक्षकांनी मार्क द्यावेत आणि बाजाराने उदाहरणे द्यावीत. आमच्या पेढीची पन्नास बिले आम्ही उतरवून ठेवली आहेत, उर्दू आकड्यांचा तक्ताही तयार आहे. मराठी तक्त्यात ११०० चे काय लिहायचे एवढे एकदा चार मुनीमांनी बसून ठरवावे.